दोन शिट्ट्यांचा तवा

धुळ्याला स्टेशनमागच्या आमच्या गल्लीत आईने सकाळी दहाच्या आत जाहीर करून टाकलं होतं की, गोऱ्याने तवा पाठवला आहे. परदेशातून. पोस्टाने. मी जळगावला शाळामास्तर होतो आणि सुट्टीला घरी आलो होतो. अंघोळ करून बाहेर येतो तो ओट्यावर चार बायका जमलेल्या आणि मधोमध आई, पदर खोचून, हाताने तव्याचा आकार दाखवत उभी. तो आकार दर वाक्याला वाढत होता.

यात आईची चूक तशी काही नव्हती. स्टेशनवरचा पोर्टर येऊन ओट्याखालूनच ओरडून गेला होता, "आबांना स्टेशनमास्तरांनी बोलावलंय हो! गोऱ्याने तवा पाठवलाय!" आता गोरा आईला ठाऊक होता. त्याने सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याच ओट्यावर बसून तिच्या हातची कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला होता, डोळ्यांतून पाणी काढलं होतं, आणि पुन्हा हात पुढे केला होता. तव्यावर फुगणारी भाकरी तो वाकून वाकून बघायचा. म्हणजे त्याला तवा आवडला होता हे उघड होतं. आवडलेल्या वस्तूची परतफेड त्याच वस्तूने करतात, हेही आईच्या दृष्टीने उघड होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, तासाभराने स्टेशनवरून आले. आई दारातच.

"कोठे शे तवा?"

आई साक्रीकडची. लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी तिची बोली तिने बदलली नव्हती, आणि भुसावळच्या बाजूच्या आबांनीही बदलायला लावली नव्हती. आबांनी सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकची एक चौकोनी डबी काढली आणि अलगद उघडली. आत वीतभरही नाही अशी एक चकती. चांदीसारखी लख्ख. हलवली की तिच्यावर इंद्रधनुष्य फिरायचं.

आईने ती दोन बोटांनी उचलली, उलटीसुलटी केली.

"हाऊ तवा शे? येनावर भाकर नही, पुरी बी मावाव नही." मग तिने मधल्या भोकाला एक डोळा लावून माझ्याकडे बघितलं. "आनि मझार भोक शे!"

मी हसून खाली बसलो. आई मात्र रागावली, आता सगळ्यांना तोंड कसं दाखवायचं म्हणून. "बठ्ठास्ले सांगी दिधं मी, तवा उना म्हनीसन!"

झालं असं होतं की स्टेशनवर एक उत्तरेकडचे रिटायर गार्ड रोज चहाला यायचे. त्यांच्या मुलखात गाण्याच्या रेकॉर्डला तवा म्हणत. मास्तरांनी पाकीट फोडल्यावर त्यांनी आत डोकावून "अरे, ये तो तवा है" असा निकाल दिला, आणि पोर्टरने तो जसाच्या तसा आमच्या गल्लीत पोचवला. पुढे आमच्या घरात त्या चकतीला कुणी सीडी म्हटलंच नाही. तवा म्हणजे तवा.

आता हा तवा आला कसा ते सांगायला हवं, कारण खरं नाटक तिथे आहे.

आबा चाळीसगाव-धुळे पॅसेंजरचे ड्रायव्हर. वाफेचं इंजिन, छोटा फाटा, शेवटचं स्टेशन धुळे, त्यामुळे गाडी रोज घरीच यायची. संध्याकाळी मोहाडी मागे टाकली की धुळ्याच्या बाहेरच्या सिग्नलपाशी आबा शिट्टी ओढायचे. प्रत्येक ड्रायव्हरची शिट्टी वेगळी असते हे रेल्वेवाल्यांच्या पोरांना सांगावं लागत नाही. आबांची शिट्टी लांबच लांब, आणि संपता संपता वर उचललेली, कुणी दारातून "आहात का घरात?" असं विचारावं तशी.

धुळ्याच्या यार्डात त्या वेळी दुसरं एक इंजिन असायचं. मालगाडीचे डबे इकडून तिकडे लावणारं. त्यावर नाना. नाना आमच्याच ओळीत राहायचे. भरघोस मिशी, बारीक आवाज. त्यांचं शंटिंग संपेपर्यंत आबांची पॅसेंजर बाहेर सिग्नलला उभी. कधी पाच मिनिटं, कधी पाऊण तास. समोर घराचा धूर दिसतोय आणि गाडी हलत नाही. आबांचं ठाम मत होतं की हा माणूस मला मुद्दाम उभा ठेवतो. नानांचं ठाम मत होतं की डबे काही बकऱ्या नव्हेत, हाकलले की पळायला. यावरून एके दिवशी दोघांत जी वाजली, ती वाजलीच. त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले. समोरासमोर आले की तिसऱ्याकरवी बोलायचे. तिसरा नसला तर खांबाशी बोलायचे. आबा स्टेशनच्या खांबाला म्हणायचे, "काही लोकांना वाटतं रूळ त्यांच्या बापाचे आहेत." नाना त्याच खांबाला म्हणायचे, "काही लोकांना घाई असेल तर त्यांनी सायकल घ्यावी."

अशा दिवसांत तो गोरा आला. उंच, हडकुळा, कानाला मोठाले गोळे लावलेले. त्याला म्हणे जगभरच्या वाफेच्या इंजिनांचे आवाज जमवायचे होते. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मला इंग्रजी येतं असा गल्लीचा समज होता, म्हणून दुभाष्या मीच. रुळाच्या कडेला, सिग्नल आणि यार्ड यांच्या मधोमध, त्याने एका काठीवर दोन माइक लावले. दोन्हींवर केसाळ टोपडी, वारा लागू नये म्हणून. लांबून बघितलं तर काठीवर दोन मांजरी पाठीला पाठ लावून बसल्यासारख्या दिसत. चार संध्याकाळी तो तिथे उभा राहिला, आमच्याकडे भाकरी खाल्ली, आणि गेला. आम्ही विसरलो.

आबा मात्र विसरले नव्हते. पुढे वाफेची इंजिनं बंद झाली, डिझेल आलं, आबा आणि नाना दोघेही रिटायर झाले. आबांचं इंजिन भंगारात गेलं. त्याच्या पुढच्या दिव्याचा एक तुकडा तरी मिळावा म्हणून आबा भुसावळपर्यंत जाऊन आले, पण उशीर झाला होता. एवढ्या वर्षांच्या नोकरीचा घरात एक फोटोही नव्हता. ते म्हणायचे, "त्या गोऱ्याच्या पेटीत माझी शिट्टी आहे. कुठे तरी आहे." आणि स्टेशनच्या बाकावर, तीन हात पलीकडे बसलेले नाना खांबाला म्हणायचे, "शिट्टी घेतली ती यार्डातल्या इंजिनाची. मला स्वतः हात जोडून गेलाय तो."

आणि आता पाकीट आलं होतं. त्यावर पत्ता काय, तर 'ड्रायव्हर, संध्याकाळचं इंजिन, धुळे'. नाव नाही! आत दोन ओळींचं पत्र. तुमच्या सुंदर 'व्हिसलिंग'बद्दल आभार, मी आजवर ऐकलेल्यात हे सर्वांत चांगलं. आबांनी पत्र माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं.

"तुमच्या म्हणजे? एकाच्या की दोघांच्या?"

"इंग्रजीत कळत नाही, आबा. एक माणूस असो की पलटण, शब्द तोच."

"आणि ते व्हिसलिंग? शिट्टी की शिट्ट्या?"

"तेही कळत नाही."

"मग तुला बी. ए.पर्यंत शिकवलं कशाला?"

मास्तर शहाणे होते. त्यांनी दोघांना समोर उभं करून सांगितलं होतं, हा तवा ऐका, त्यात ज्याची शिट्टी असेल त्याने घरी न्यावा. तोपर्यंत आबांकडे फक्त सांभाळायला. निकाल कोण देणार, यावर आबा खांबाला म्हणाले, "आमच्या हिला माझी शिट्टी झोपेतही ओळखू येते. तीस वर्षं त्या शिट्टीवर तवा ठेवलाय तिनं." यावर नाना खांबाला म्हणाले, "वहिनी सांगतील ते मला कबूल. वहिनी खोटं बोलायच्या नाहीत." पंच ठरला. राहिलं एकच. तवा वाजवायचा कशावर?

आज हे सांगून पटणार नाही, पण तेव्हा अख्ख्या धुळ्यात असं यंत्र आम्हाला सापडलं नाही. मी आबांना घेऊन टेपरेकॉर्डरच्या दुकानांतून फिरलो. एका दुकानदाराने चकती हातात घेऊन तिच्यात बघून केस विंचरले. दुसऱ्याने जुना रेकॉर्ड प्लेअर काढला आणि सुई टेकवायला निघाला. आबा एवढ्या जोरात ओरडले की त्याच्या हातातून सुईच पडली. घरी येताना आबा चकती पोटाशी धरून चालत होते. मी तोवर त्यांना इंजिनाखेरीज कशाला एवढं जपताना बघितलं नव्हतं.

मग मला जळगावचे शेठ आठवले.

मी जळगावला दिवसा पोरांना मराठी शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी हौशी नाटकांत पडद्यामागे आवाज काढायचो. घोड्याच्या टापा, दाराची करकर, सासूचं खोकणं. एकदा पत्रा हलवून ढगांचा गडगडाट केला तर पहिल्या रांगेतल्या माणसाने छत्री उघडली, एवढी माझी ख्याती. आमच्या नाटकांना स्पीकर पुरवायचे एक डाळमिलवाले शेठ. त्यांना आवाजाचं वेड होतं. बाहेरदेशी असलेल्या मेहुण्याकडून त्यांनी सीडीचं यंत्र आणवलं होतं, आणि त्यासाठी मिलच्या आवारात एक वेगळी खोली बांधली होती. आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या चारही भिंतींना तूरडाळीची रिकामी पोती ठोकलेली. आत गेलं की पहिल्यांदा डाळीचा वास आणि मग संगीत. त्यांच्याकडे तवे फक्त चार होते. चारही त्यांना श्वासासकट पाठ झाले होते.

मी जाऊन पाचव्या तव्याची बातमी दिली तेव्हा शेठ गादीवरून अर्धे उठले. "इंजिन? असली? कधी आणता?"

"एक अडचण आहे शेठ. बरोबर तीन म्हातारी माणसं येतील. त्यांतली दोन एकमेकांशी बोलत नाहीत."

"अरे, बोलत नाहीत हे तर फार चांगलं," शेठ म्हणाले. "माझ्या खोलीत बोलायचं नसतंच."

रविवारी सकाळी धुळ्याहून एसटी आली. पारोळा, एरंडोल करत आलेली. पुढच्या दारातून आई उतरली, पिशवीत तवा, वर पंचा गुंडाळलेला. मागून आबा. त्यामागून आणखी पाच-सहा उतारू जाऊ देऊन नाना. दोघांनीही रेल्वेचे जुने काळे कोट घातलेले, त्या उकाड्यात.

"त्यांना विचार, प्रवास बरा झाला का," आबा मला म्हणाले.

"नाना, प्रवास बरा झाला का?"

"त्यांना सांग, एसटीला सिग्नल नसतो, त्यामुळे वेळेत आलो."

सुरुवात झाली होती.

मिलवर शेठनी तयारी करून ठेवली होती. त्यांनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या. पंखा बंद. मग खिडकीतून हात बाहेर काढून इशारा केला, आणि धडधडणारी अख्खी डाळमिल थांबली. मला एकदम कान मोकळे झाल्यासारखं वाटलं. कामगारांना कळेना काय झालं, ते खिडकीपाशी येऊन उभे राहिले. डोक्यापासून पायापर्यंत डाळीची पिवळी भुकटी.

खोलीच्या समोरच्या दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर, प्रत्येक कपाटाएवढा. बरोबर मध्ये, जमिनीवर खडूने चौकोन आखून, त्यात एक खुर्ची. शेठची. त्या खुर्चीत ते कुणाला बसू देत नसत, बायकोलाही नाही. पण दारात आई उभी, पंच म्हणून आलेली, वयाने मोठी, हातात तवा. शेठ एक मिनिट स्वतःशी झगडले आणि म्हणाले, "माताजी, तुम्ही इथे बसा." आई अवघडून बसली, पाय वर घेऊन.

आबा आणि नाना यांच्यासाठी मागे एक बाक ठेवला होता. एकाच बाकावर? नाना सरळ उजव्या कोपऱ्यात गेले, तिथला वेताचा मोढा ओढला आणि स्पीकरला कान लावून बसले. आबांनी मग दुसरा मोढा घेऊन डावा स्पीकर पकडला.

"असं नाही ऐकायचं," शेठ कळवळून म्हणाले. "मध्ये या, मागे बसा."

"मला इथे बरं ऐकू येतं," आबा म्हणाले.

"त्यांना सांग, मलाही," नाना म्हणाले.

शेठनी कपाळाला हात लावला आणि यंत्राचं बटण दाबलं. यंत्रातून एक सपाट कप्पा सरकन बाहेर आला.

"जीभ काढी का काय?" आई म्हणाली.

"सुई कुठे आहे?" नाना घाबरले.

"सुई नाही. उजेडाने वाजतं." शेठनी चकती तिच्या कडा धरून त्या जिभेवर ठेवली, यंत्राने ती गिळली, आणि मग काहीच झालं नाही. आबांनी माझ्याकडे बघितलं. 

आणि संध्याकाळ झाली. म्हणजे बाहेर सकाळचे अकरा वाजले होते, पण त्या पोत्यांच्या खोलीत धुळ्याची संध्याकाळ झाली. आधी रातकिडे. मग एक बकरी, इतकी जवळ की खिडकीतल्या कामगारांनी खाली वाकून बघितलं. लांब कुणी तरी बादली ठेवली, तिच्या कडीचा आवाज. मी आयुष्यभर आवाज काढले होते, पण आवाजाला अशी जागा असते, बकरी इथे आणि बादली तिथे, हे मला त्या दिवशी कळलं. मग दुरून धाप टाकत इंजिन आलं. आणि शिट्टी. लांबच लांब, शेवटी वर उचललेली.

आबांचा हात हवेत गेला आणि त्यांनी नसलेली दांडी ओढली.

शिट्टी विरली. इंजिन उभं राहिलं, फुसफुसत. बराच वेळ तसंच. मग उजवीकडून डबे आपटल्याचा खणखणाट, आणि त्यानंतर दोन छोट्या शिट्ट्या. टुक्, टुक्. आई खुर्चीवरून उठली. पाय खाली, गुडघ्यावर हात आणि उभी. शेठनी तिला खुणेने खाली बसवलं. हे मी बघितलं, पण मला वाटलं पायाला मुंग्या आल्या असतील.

आवाज संपला आणि दोन्ही कोपऱ्यांतून एकदमच आरोळी आली.

"माझी!" "माझी!"

"हा काय प्रकार?" आबा तावातावाने उठले. "स्पष्ट माझी शिट्टी! ह्यांना सांग, कान तपासून घ्या!"

"दोन शिट्ट्या! दोन! माझ्याखेरीज दोन कोण वाजवायचं धुळ्याला?" नानांचा बारीक आवाज आणखी बारीक झाला. "दुसरी कुठली तरी पिपाणी लांबून ऐकू आली, ती असेल ह्यांची!"

"पिपाणी?"

खिडकीत कामगार दोन बाजूंना विभागले गेले. एकाने "आबांची!" म्हणून टाळी वाजवली. सगळ्यांत हताश शेठ. त्यांनी दोन्ही हात वर केले. "थांबा, थांबा! तुम्ही दोघांनी अर्धी अर्धी ऐकली. जागा बदला."

कुणी हलेना. शेवटी शेठनी स्वतःच दोन्ही मोढे उचलून इकडचे तिकडे केले. आबा उजवीकडे, नाना डावीकडे. तवा पुन्हा फिरला.

बकरी. बादली. धाप. डावीकडून लांब शिट्टी आली आणि नानांनी कान स्पीकरपासून दूर घेतला, भाजल्यासारखा.  मग उजवीकडून डबे आणि टुक्, टुक्. आबांची मान खाली गेली. आणि आई पुन्हा उठली.

या वेळी तिला सगळ्यांनी पाहिलं. ती चार पावलं चालत दारापर्यंत गेलीसुद्धा. पदर खोचलेला.

"कुठे चाललीस?" आबांनी विचारलं.

"तवा ठेवाले," आई म्हणाली, आणि मग कुठे आहोत ते कळून पदर तोंडाला लावून हसू लागली.

आबा हसले नाहीत. ते उजव्या स्पीकरकडे बघत होते, मग डाव्या. हळूच म्हणाले, "तू ह्या शिट्टीवर उठलीस. माझ्या नाही."

"दोन्ही शेतस तव्यामां. तुम्हनी बी, नानानी बी."

"ते कळलं. पण तू उठलीस कुठल्या शिट्टीवर? मी तीस वर्षं सांगत फिरलो, माझ्या शिट्टीवर तवा ठेवते म्हणून."

आईने माझ्याकडे बघितलं, मग शेठकडे, मग सरळ उत्तर दिलं. "तुम्हनी शिट्टी वाजनी का मी नुसतं पीठ काढू. तुम्हनं काय खरं? तुम्हले सिग्नलबाहेर कितला टाईम उभं ठेवतीन, माले काय मालूम? नानानी वाजनी का मंग तवा." तिने दोन बोटं वर केली. "दोन शिट्ट्या म्हंजे आते येतीन."

मिलमध्ये टाचणी पडली असती तर शेठनी ती कुठल्या कोपऱ्यात पडली ते सांगितलं असतं. आबा मोढ्यावर बसले. अहो, तीस वर्षांचा मानाचा तुरा एका वाक्यात उतरला होता, आणि तो उतरून ज्याच्या डोक्यावर बसला तो माणूस समोरच होता. मला वाटलं, आता आबा चकती काढून नानांच्या हातात ठेवतील आणि तडक एसटी स्टँड गाठतील.

पण बोलले नाना. माझ्याशी नाही, खांबाशी नाही.

"आबा, मी ती दोनदा तुझ्यासाठीच वाजवायचो."

आबांनी मान वर केली.

"शंटिंग संपलं, लाईन मोकळी झाली की. तू विचारायचास ना लांब शिट्टीने? मग ये म्हणून सांगायचो. भांडण झाल्यावरसुद्धा वाजवायचो. तू कधी ऐकलंच नाहीस?"

"माझ्या इंजिनाच्या फुसफुशीत मला काय ऐकू येणार?" आबांचा आवाज जरा फाटला. "सिग्नल पडला की निघायचं, एवढंच मला ठाऊक. शिट्टी ऐकू यायची ती फक्त माझी मला."

"आणि मला वाटायचं, ऐकून न ऐकल्यासारखं करतो."

 खिडकीतला एक कामगार नाक पुसत होता. भुकटीने असेल.

"पण आबा," नाना म्हणाले, आणि मिशीखाली काही तरी हललं, "भाकरी गरम असायची की नाही?"

आबांनी बराच विचार केला. ते खोटं बोलू शकले असते.

"गरम असायची," ते म्हणाले. "फुगलेली असायची."

"मग?"

"मग काय? तीस वर्षं तुझ्यामुळे सिग्नलबाहेर उभा राहिलो, आणि तीस वर्षं तुझ्यामुळे गरम खाल्लं. आता भांडू कशावर?"

"दुसरं काही काढू," नाना म्हणाले.

त्यानंतर शेठनी ते केलं जे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. त्यांनी आपली खुर्ची खडूच्या चौकोनातून उचलली आणि तिथे बाक आणून ठेवला. आबा आणि नाना त्यावर खांद्याला खांदा लावून बसले, काळे कोट एकमेकांत घुसलेले. आई बाजूला उभी राहिली. तिसऱ्यांदा तवा लागला. डावीकडून आबांनी विचारलं, उजवीकडून नानांनी सांगितलं, आणि मधली ती लांब फुसफुस आबांनी डोळे मिटून ऐकली. त्या फुसफुशीत पूर्वी त्यांनी काय काय शिव्या दिल्या असतील ते मला ठाऊक आहे. टुक्, टुक् झालं तेव्हा त्यांनी डोळे न उघडता नानांच्या मांडीवर थाप मारली. आई या वेळी उठणार नाही असं तिने ठरवलं असावं, कारण तिने खिडकीचा गज घट्ट पकडून ठेवला होता. तरी तिची टाच उचललीच.

मग मिल सुरू झाली आणि काही ऐकण्यासारखं राहिलं नाही. शेठनी तवा परत देताना दोन वेळा हात मागे घेतला. शेवटी म्हणाले, "वर्षातून एकदा घेऊन या. यंत्र माझं, इंजिन तुमचं." तसं ते तिघं पुढे पाच वर्षं येत राहिले. पाचव्या वर्षी मी स्वतःच यंत्र घेतलं, पण त्यात ती मजा नव्हती. माझ्या भिंतींना पोती कुठे होती?

तवा घरी कुणी न्यायचा, यावर मात्र वाद झालाच. नाना म्हणाले, तू ने. आबा म्हणाले, तू ने. हे भांडणही बघता बघता पेटायला लागलं, तेव्हा आईने चकती दोघांच्या मधून उचलून डबीत घातली, पंच्यात गुंडाळली आणि पिशवीत टाकली. "तवा बाईमानूसना ऱ्हास," ती म्हणाली. विषय संपला.

मी त्यांना धुळ्याच्या एसटीत बसवायला गेलो आणि जागा धरण्याच्या गडबडीत आतच अडकलो, तोवर गाडी सुटली. मग ठरवलं, एरंडोलपर्यंत जाऊ. आबा आणि नाना एका बाकावर होते. पुढच्या बाकावर आई, मांडीवर पिशवी, डोळे मिटलेले. गावाबाहेर एका रेल्वे फाटकाशी एसटी थांबली. फाटक बंद. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. गाडी येण्याचं चिन्ह नाही. उकाडा मी म्हणत होता.

आबांनी खिडकीतून त्या मोकळ्या रुळांकडे बघितलं, तोंडाचा चंबू केला आणि शिट्टी घातली. लांबच लांब, शेवटी वर उचललेली. अख्खी एसटी वळून बघायला लागली. कंडक्टरला वाटलं, कुणाला तरी उतरायचंय.

नानांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मुद्दाम. आबांनी त्यांना कोपराने ढोसलं.

"शंटिंग चालू आहे," नाना म्हणाले.

"लवकर कर!"

टुक्, टुक्.

पुढच्या बाकावर आईने डोळे न उघडता पिशवी जरा वर सरकवली, पदर खोचला आणि म्हणाली, "घर तर येऊ द्या रे बाबासहोन. तवा टाकस मंग."